एका पलंगावरचे दोन घाम

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली, वय ४७. दिवाळीपासून रात्री घामाने जाग येते. घड्याळात दोन-अडीच वाजलेले असतात. आधी छातीतून वर काहीतरी गरम चढल्यासारखं होतं, मग मान, केसांची मुळं, पाठ, सगळं ओलं. गाऊन पिळावा इतका. गोधडी फेकून देते आणि पाच मिनिटांनी कुडकुडत परत ओढते. पाळीचा दोन-दोन महिने पत्ता नसतो. सासूबाई म्हणतात, ‘आंगमा गरमी वाढी गयी’, म्हणून सब्जा आणि गुलकंद चालू आहे. जाऊबाईंनी भलतंच डोक्यात घातलं. गल्लीत एकाला टीबी निघाला, त्याचंही म्हणे असंच रात्रीच्या घामाने सुरू झालं होतं. ओल्या अंगाने यांच्या शेजारी झोपायची लाज वाटते, म्हणून संक्रांतीपासून स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. तपासण्या कोणत्या करू, काय खाऊ, काय सोडू, ते सांगा.

ता. क. यांनाही हल्ली रात्री घाम येतो. दिवाळीनंतर शुगरची गोळी वाढवली, आता रिपोर्ट छान आहे म्हणतात. मागे एकदा पाणी भरून आले, झोपले आणि तीन वाजता उठून काहीतरीच बडबडले. सकाळी विचारलं तर काही आठवत नव्हतं. दोघांनाही घाम म्हणजे दोष घराचाच असेल ना? दोन वर्षांपूर्वी धाबं (मातीचं छत) उतरवून स्लॅब टाकला आहे.

– एक भगिनी, चोपडा तालुका

ताई,

तुमचं पत्र मी वरपासून एकदा वाचलं आणि ता. क. तीनदा. पत्रावर फोन नंबर होता म्हणून त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. ते इथे लिहायला हरकत नाही असं तुम्हीच म्हणालात, म्हणून लिहिते. ज्या घामासाठी तुम्ही पत्र लिहिलंत, त्याला चार दिवस उशीर झाला असता तरी चाललं असतं. ता. क. मधल्या घामाला नसतं चाललं.

दोघांना घाम, म्हणून कारण एक, आणि ते डोक्यावरचा स्लॅब, हा तुमचा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. पण सध्या जानेवारी आहे. धुळ्या-जळगावकडे या दिवसांत पारा दहाच्या खाली उतरतो, अंगणातल्या बादलीतलं पाणी पहाटे हाताला चावतं. स्लॅब उन्हाळ्यात तापतो तसा थंडीत गारही पडतो. तुमच्या स्लॅबचे गुन्हे आहेत, ते पुढे येतील, पण हा त्याचा नाही. गोधडीबाहेर हात काढवत नाही अशा रात्री कपडे भिजवणारा घाम खोलीचा नसतो, अंगातून आलेला असतो. आणि अंगातून आला म्हटलं की दोन माणसांची कारणं दोन असू शकतात, पलंग एक असला तरी.

आधी दाजींचं. (तुम्हाला ताई म्हटलं म्हणजे ते दाजीच.) फोनवर मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. त्यांच्या घामाला हात लावला तर गार लागतो की गरम? तुम्ही म्हणालात गार, चिकट, कपाळावर आणि मानेवर जास्त. रात्रीचं जेवण कसं असतं? शेतीची लाईट रात्रीची असली की अर्धी भाकरी आणि कपभर दूध घेऊन निघतात, बारा-एकपर्यंत गव्हात पाणी भरतात, येऊन तसेच पडतात. मग गोळीचं पाकीट आणून नावं वाचायला सांगितली. तुम्ही अक्षर अक्षर लावून वाचलीत: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. तिथे मला कोडं सुटल्यासारखं वाटलं.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग माणूस पोटभर जेवलेला असो की अर्ध्या भाकरीवर असो. त्यात तीन-चार तास चिखलात फावडं चालवलं की स्नायू रक्तातली साखर ओढतात, आणि काम संपल्यावरही कितीतरी तास ओढत राहतात. गोळी वाढलेली, जेवण घटलेलं, कष्ट रात्रीचे. पहाटे साखर घसरायला एवढं पुरे. रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली की शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं. त्याने घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात, भूक लागते. झोपेत धडधड नि थरथर कळत नाही, घामाने भिजलेली उशी तेवढी सापडते. आणखी खाली, ५४ च्याही खाली गेली की मेंदूला साखर पुरत नाही. मग भलतंच बोलणं, वाईट स्वप्नं, सकाळी जड डोकं आणि रात्रीचं काही न आठवणं. आपल्याकडे अशा माणसाला कोणी झोपेत बरळला म्हणून सोडून देतं, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतं, आणि कोणी हळूच विचारतं की बाटलीबिटली तर नव्हती ना.

हे शहाणपण मला महाग पडलं आहे, म्हणून मी एवढी धावले. दवाखाना नवा होता तेव्हा शुगरची गोळी चालू असलेल्या एका पेशंटला रात्री घाम येतो म्हणून मी तापाची गोळी लिहून दिली होती. अंगात कणकण असेल, उतरताना घाम येत असेल, असा माझा तर्क. चौथ्या रात्री त्याला हाक मारून जाग येईना. कसाबसा डोळे उघडून घोट गिळण्याइतका शुद्धीवर आला, तेव्हा त्याच्या बायकोने अंदाजाने साखरेचं पाणी पाजलं आणि तो उठून बसला. ती बाई शाळेत गेलेली नव्हती. मला आजही तिच्यासमोर खाली बघावं लागतं.

फोनवर मी ग्लुकोमीटरने रात्री पावणेतीनला साखर बघायला सांगितलं होतं. तुम्ही शेजारच्या मास्तरांकडून यंत्र आणलंत आणि तीन रात्रींचे आकडे पाठवलेत. पहिल्या रात्री ११८, दुसऱ्या रात्री १०४. दोन्ही रात्री ते घरीच, पोटभर जेवून झोपलेले. तिसऱ्या रात्री पाणी भरून आले होते, ५८. सकाळच्या उपाशीपोटीच्या तपासणीत हे दिसलं नसतं, तीन महिन्यांच्या सरासरीतही दिसलं नसतं. सरासरीत चढ आणि उतार एकमेकांना झाकून टाकतात, म्हणून रिपोर्ट ‘छान’. आता त्यांच्या डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आहे आणि वेळ बदलली आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, तसंच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परत वाढवूही नका, हे दाजींना माझ्याकडून सांगा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी जरा थांबून लिहिते, कारण रात्रीच्या लाईटवर पाणी भरणारी आणि शुगरची गोळी घेणारी माणसं खान्देशात घरोघर आहेत. जाग येत असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून पाजायची. पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर ग्लुकोज पावडरच हवी. ही औषधं आपली रोजची साखर आतड्यात लवकर फुटू देत नाहीत, त्यामुळे ती वेळेवर कामाला येत नाही. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, तुपा-लोण्यामुळे साखर हळू चढते. केळीच्या मुलखात पहिला हात केळ्याकडे जातो, पण केळं दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा ग्लुकोज, वर आली की मग केळं, भाकरी, दूध. या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून ‘बरं झालं, झोपा आता’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. तासाभराने परत बघायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ना साखर ना पाणी. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. आणि त्यातून शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात देखरेखीखाली राहू द्यायचं, कारण साखर पुन्हा घसरू शकते.

पाणी भरायला जायच्या आधी पोटभर जेवण, खिशात ग्लुकोजची पुडी, आणि विहिरीकडे एकट्याने जाणं बंद. साखर घसरलेल्या माणसाचा पाय कुठे पडतो याचं त्याला भान नसतं. अंधारात विहिरीच्या काठावर ते भान लागतं.

अजून एक घाम ओळखून ठेवा. छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, धाप, आणि त्यासोबत दरदरून फुटलेला गार घाम, हे हृदयाचं असू शकतं. शुगरवाल्यांना छातीत दुखतंच असं नाही. तिथे सकाळची वाट बघायची नाही.

आता तुमचं अंथरूण. संक्रांतीपासून तुम्ही स्वयंपाकघरात झोपता, लाजेपोटी. मी फोनवर जरा चढ्या आवाजात बोलले, त्याबद्दल माफ करा, पण म्हणणं तेच आहे. तीन वाजता दाजींच्या अंगाला हात लावून ‘हे गार का पडलेत’ असं वाटणारं त्या घरात एकच माणूस आहे, आणि ते ओट्याखाली जाऊन झोपलं होतं. ती बडबडीची रात्र तुम्ही शेजारी होतात म्हणून कळली. त्यांची साखर रात्रीची नीट राहते असं डॉक्टर म्हणेपर्यंत तरी पलंग सोडू नका. पांघरूण मात्र वेगळं करा. एका पलंगावर दोन पांघरुणं घेतल्याने कोणाचा संसार मोडत नाही.

आणि तुमचा घाम. तो दाजींच्या घामासारखा नाही. तुमचा आधी गरम चढतो, छातीतून मानेकडे, मग फुटतो, मग थंडी वाजते, आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. वय ४७, पाळी दोन-दोन महिने लांबलेली. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमाराला थांबते आणि थांबायच्या आधीची काही वर्षं हा खेळ चालतो. पंचेचाळिशीपुढच्या बाईची लक्षणं इतकी सरळ असतील तर त्यासाठी हार्मोनच्या महागड्या तपासण्या लागत नाहीत. ते आकडे या काळात आज एक नि पुढच्या महिन्यात भलतेच येतात. लॅबवाल्याने मोठं पॅकेज सांगितलं तर तेवढे पैसे वाचवा.

असं का होतं, ते तुम्हाला शेतावरच्या स्टार्टरवरून सांगते. मोटारीवर ताण आला की स्टार्टर ट्रिप होतो, मोटार जळत नाही. पण त्याची सेटिंग फार नाजूक झाली तर व्होल्टेज जरा हललं तरी तो पडतो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, अंगाचं तापमान तो सांभाळतो. एरवी तापमान थोडं इकडेतिकडे झालं तर तो दुर्लक्ष करतो. पाळीचं हार्मोन, इस्ट्रोजेन, कमी व्हायला लागलं की त्याची सहनशक्ती आकसते. अंग किंचित तापलं, एखादी जास्तीची गोधडी, रात्रीचा गरम चहा, मनातली एक काळजी, की तो ‘आग लागली’ म्हणून सगळी दारं उघडतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घामाच्या ग्रंथी सुटतात, उष्णता बाहेर फेकली जाते. आग नव्हतीच, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त उष्णता गेलेली असते, म्हणून नंतरची हुडहुडी.

सासूबाईंचं ‘आंगमा गरमी’ हे निदान मी हसण्यावारी नेणार नाही. बिचाऱ्यांनी जे दिसलं ते बरोबर सांगितलं, फक्त गरमी वाढलेली नाही, गरमी मोजणारा बिघडला आहे. सब्जा प्या, त्याने काही बिघडत नाही, घामही थांबत नाही. गुलकंदात साखरच जास्त असते. तुम्हाला चमचाभर चालेल. मात्र कोणी ‘उष्णतेची पुडी’ म्हणून नाव-गाव नसलेलं औषध आणून दिलं तर घेऊ नका. असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याचं आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं पाहतो, आणि स्टेरॉइडनेही घाम येतो.

एक प्रश्न विचारते, हसू नका. पाळी चुकली तेव्हा गरोदरपणाची तपासणी केली होती? ४७ व्या वर्षी शक्यता कमी, पण शून्य नाही. मेडिकलमधून पट्टी आणा आणि शंका मिटवा. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं गर्भ राहू नये म्हणून काळजी घ्यायची असते.

तपासण्या म्हणाल तर थोड्याच. रक्ताची साधी तपासणी म्हणजे सीबीसी, कारण या काळात कधी कधी अंगावरून फार जातं आणि बाई पांढरीफटक होऊन जाते. टीएसएच, कारण थायरॉइड जोरात चालला तरी घाम, धडधड, हातांची थरथर आणि खाऊनही वजन उतरणं असतं, आणि ते पाळी जाण्याच्या गडबडीत लपून जातं. तुमची स्वतःची शुगर. रक्तदाब. आणि तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. नैराश्यावरच्या काही गोळ्या, कॅन्सरनंतर देतात ती टॅमॉक्सिफेन, दुखण्यावर रोज घेतल्या जाणाऱ्या तापाच्या गोळ्या, या सगळ्यांनी रात्री घाम येऊ शकतो.

जाऊबाईंनी पेरलेली भीती मात्र अशी दोन वाक्यांत उपटून फेकता येणार नाही, कारण तिच्यात थोडं खरं आहे. टीबीत रात्री घाम येतो हे खरंच. पण तो एकटा क्वचित येतो. संध्याकाळची कणकण, भूक मरणं, वजन उतरणं, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, मानेत गाठी, यांपैकी काहीतरी सोबत असतं. फोनवर तुम्ही म्हणालात यातलं काही नाही, उलट दोन किलो वाढलंय. मग टीबी मला तुमच्या बाबतीत फार लांबचा वाटतो. गल्लीतल्या माणसाला झाला म्हणून तुम्हाला लागेल असं नसतं. त्यासाठी बंद जागेत बराच काळ एकाच हवेत राहणं लागतं. तरीही मनात किडा राहणार असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकीची तपासणी करून या. ती फुकट आहे. आणि त्या गल्लीतल्या माणसाला टाळू नका. नेहमीच्या टीबीचा इलाज साधारण सहा महिन्यांचा, औषध सरकारी दवाखान्यात मोफत, आणि खाण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. त्याच्या घरच्यांना सांगा, त्यांना माहीत नसेल. खरं तर टीबीबाबत तुमच्यापेक्षा दाजींवर नजर हवी. शुगर असलेल्यांना तो धोका दोन-तीन पट असतो. त्यांचा खोकला लांबला तर तपासायला न्या.

गोठा असलेल्या घरांसाठी एक जोड. कच्चं दूध पिणं किंवा गाय-म्हैस गाभडली तर उघड्या हातांनी साफ करणं, यातून ब्रुसेला नावाचा जंतू येतो. चढता-उतरता ताप, रात्री भरपूर घाम, कंबर आणि सांधे दुखणं. तापाच्या गोळ्यांवर महिने जातात, आणि जनावराचं कोणी विचारत नाही, म्हणून सापडत नाही. डॉक्टरांना गोठ्याचं आपण होऊन सांगा.

आणि सहा महिन्यांत काही न करता दहा टक्के वजन गेलं, म्हणजे साठ किलोच्या बाईचं सहा किलो, रात्री चादर भिजते, मान-काख-जांघेत न दुखणारी गाठ लागते, असं एकत्र असेल तर तालुक्याला वेळ न घालवता जळगाव किंवा धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात. ती भीती घालायला लिहीत नाही. तुमच्यात यातलं काही नाही.

आता रोजची झोप. गाऊन कसला आहे? तुम्ही सांगितलं नाहीत, पण बाजारातले चकचकीत गाऊन बहुतेक पॉलिस्टरचे असतात, घाम आत धरून ठेवतात. जुनं सुती पातळ बरं. सासूबाईंनी सात लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी असेल तर ती पायाशी ठेवा आणि अंगावर दोन पातळ चादरी घ्या. एक काढता येते, एक ठेवता येते, फेकाफेकी नको. नव्या पलंगासोबत आलेली फोमची गादी ऊब साठवते. तिच्यावर कापसाची पातळ गादी अंथरा. कापूस पिकवणाऱ्या मुलखात आपण फोमवर झोपतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. उशाशी सुती पंचा आणि तांब्याभर पाणी ठेवा, म्हणजे दिवा लावून कपाट उघडायला नको. मी स्वतः या काळातून गेले तेव्हा दवाखान्यात टेबलाखाली नॅपकिन ठेवायचे. पेशंट आपलं दुखणं सांगत असायचा नि मी त्याच्याआधी घामाघूम.

जेवणाचं सांगते आणि शिव्या खाते. काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि ठेचा दुपारी खा, रात्री नको. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या आणि आतड्यातल्या ज्या संवेदकाला चेतवतं, तोच संवेदक खऱ्या चटक्यालाही ओळखतो. शरीराला दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून तिखट खाल्लं की टाळूवर घाम. हा संवेदक १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि त्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या आज्यांना मिरचीचा हा गुण ठाऊक होताच, पण नोबेल कोण देतं त्यांना. तुमचा स्टार्टर आधीच नाजूक, रात्री आठनंतर त्याला मिरची दाखवू नका. संध्याकाळनंतरचा चहाही कमी करा. घरात कोणी मिश्री लावत असेल किंवा तंबाखू मळत असेल तर तीही घामाला हातभार लावते.

हे सगळं दीड-दोन महिने करूनही झोप मिळत नसेल तर सोसत बसू नका. ‘बाईच्या जातीला असतंच’ हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकते आहे. हार्मोनच्या गोळ्या किंवा कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या या घामावर सगळ्यात चांगलं काम करतात. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव ज्यांच्या इतिहासात आहे त्यांना त्या सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. त्यांत नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये वापरतात. होय, ज्यांनी काहींना घाम येतो त्याच जातीतल्या. औषधांचं असं विचित्र असतं. उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांना विचारा, लाजू नका. हा त्रास अनेकींना सात वर्षांच्या आसपास राहतो, जोर मात्र हळूहळू कमी होतो. एक ध्यानात ठेवा, पाळी वर्षभर थांबून पुन्हा डाग दिसला तर ते ‘परत सुरू झाली’ म्हणून सोडायचं नाही, दाखवायचं.

माझ्याकडे आलेल्या आणखी दोन पत्रांना इथेच उत्तर देते. तळहात-तळपाय दिवसा सतत ओले राहण्याचा त्रास काहींना लहान वयापासून असतो, तो झोपेत थांबतो. ज्याचा झोपेतही चालू राहतो त्याचं कारण दुसरं शोधायचं. आणि जे मोठ्याने घोरतात, घोरता घोरता श्वास अडकून दचकतात आणि घामाने भिजतात, त्यांनी घामाची नव्हे, घोरण्याची तपासणी करून घ्यावी.

राहिला तुमचा स्लॅब. त्याची पाळी आखाजीला (अक्षय तृतीयेला) येईल. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं, म्हणून बारा वाजता पंख्याखालीही भाजल्यासारखं होतं. तुमच्या जुन्या धाब्याच्या जाड मातीत ती उष्णता पोहोचायलाच उशीर व्हायचा आणि पोहोचायची तीही थोडी. धाबं गळायचं, उंदीर, दरवर्षी माती टाकायची कटकट, सगळं मान्य. उतरवलंत म्हणून रागावत नाही. मार्चअखेरीस गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्या, फरक पडतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा असं सांगणार होते, पण मे महिन्यात तुमच्याकडे टँकर येत असेल तर मी कोणत्या तोंडाने सांगू? कूलर मेमध्ये छान चालतो, कारण आपली हवा कोरडी असते. खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. पाऊस पडला की तोच कूलर घामाला कारण होतो. हवा आधीच दमट, घाम वाळत नाही, आणि अंग गार होतं ते घाम वाळल्याने. तेव्हा त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

तोवर एक छोटी वही ठेवा. एका पानावर तुमचं, एका पानावर दाजींचं. किती वाजता, घाम गार की गरम, रात्री काय जेवलात, त्यांच्या पानावर साखरेचा आकडा आणि त्या दिवशी पाणी भरलं की नाही. दोन आठवडे पुरे. ती वही दोघांच्याही डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
डॉक्टर मॅडम

ता. क. फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, गुलकंदाची बरणी अर्धी झाली आणि तुम्ही तर चार-दोनच चमचे खाल्ले. रात्री ती बरणी कोण उघडतं हे दाजींना विचारा, पण रागावून नको. साखर घसरली की माणसाला भूक लागते, आणि अंधारात हाताला जे लागेल ते तो खातो. आता बरणी वरच्या फळीवर ठेवा आणि तिच्या जागी ग्लुकोजचा डबा.